चिठ्ठी लिहिता न येणाऱ्यांचं म्हणणं

ऑगस्ट २०१६ मध्ये चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन मुलांनी पत्रकार परिषद घेतली. विषय एकच, दप्तराचं ओझं. पाठीवर पाच ते सात किलो आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर. दप्तर हलकं करण्याचा शासन आदेश निघून तेव्हा वर्ष उलटलं होतं. पुढे २०२३ मध्ये त्याच ओझ्यावर उपाय म्हणून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घालण्यात आली आणि २०२५ च्या जानेवारीत तो निर्णय मागे घेतला गेला, कारण मुलं पुस्तकांबरोबर वह्याही आणतच होती. उपायामागचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण कोऱ्या पानांनी दप्तर हलकं झालं का, हे ते रोज उचलणाऱ्या दुसरीतल्या मुलाने आठवड्याभरात सांगितलं असतं. विचारायला हवं होतं ते त्याला.

पिंपरी-चिंचवडमधल्या पिंपळे सौदागरसारख्या वस्तीत हे विचारणं अधिक निकडीचं आहे. काटे मंडळींचं हे जुनं गाव गेल्या दोन-अडीच दशकांत सोसायट्यांनी भरून गेलं. कुणाचे आईवडील हिंजवडीत संगणकासमोर, कुणाचे भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळीवर. एकाच वर्गात मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू बोलणारी मुलं बसतात. बरीचशी व्हॅनने येतात आणि संध्याकाळी पाळणाघरात किंवा शिकवणीला जातात. अशा मुलाचा पूर्ण दिवस एकाही मोठ्या माणसाच्या नजरेखाली नसतो. शिक्षकांना एक तुकडा दिसतो, आईला दुसरा, व्हॅनवाल्या काकांना तिसरा. सगळा दिवस फक्त मुलालाच ठाऊक असतो. म्हणून त्याचं मत हा लाड नाही, पुरावा आहे.

आपल्याकडे ऐकण्याची सोय म्हटली की तक्रारपेटी पुढे येते. राज्यातल्या शाळांना ती २०१७ पासून बंधनकारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर तिची पुन्हा सक्ती झाली. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ती हवीच. पण पहिलीच्या मुलीला चिठ्ठी लिहिता येत नाही. आणि स्वच्छतागृहाची कडी लागत नाही म्हणून आपण दिवसभर पाणी पीत नाही, ही तिच्या लेखी तक्रारच नसते, तो रोजचा दिवस असतो. ‘एनसीईआरटी’ने २०२२ मध्ये केलेल्या मानसिक आरोग्याच्या पाहणीत २८ टक्के विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारायला संकोच वाटतो असं सांगितलं. ती मुलं सहावी ते बारावीची होती. त्यांच्याहून लहानांनी आपणहून बोलावं, ही अपेक्षा कशी धरायची? विचारायला मोठ्यांनीच जायला हवं.

कसं विचारायचं, यात खरी मेख आहे. ‘शाळा आवडते का?’ म्हटलं की सगळा वर्ग एका सुरात ‘हो बाई!’ म्हणतो. त्यापेक्षा शाळेचा नकाशा द्यावा आणि जिथे बरं वाटतं तिथे हिरवी, जिथे भीती वाटते तिथे लाल टिकली लावायला सांगावी. डबा संपतो का, सुट्टीत खेळायला कोण असतं, पाणी कधी प्यायलीस, असे हाताला लागणारे प्रश्न असावेत, आणि ते दुसऱ्या वर्गाच्या बाईंनी विचारावेत, म्हणजे मूल आपल्या बाईंना खूश करायला उत्तर देणार नाही. शालेय मंत्रिमंडळावर मात्र विसंबू नये. तिथे आधीच धीट असलेली मुलं निवडून येतात. बेलफास्टच्या प्राध्यापक लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये मांडलं की मुलाला नुसता आवाज देऊन भागत नाही. बोलायला जागा, ऐकणारा माणूस आणि म्हणण्याचा परिणामही हवा. माझ्या मते आपल्या शाळा अडखळतात त्या या शेवटच्या पायरीवर. टिकल्या गोळा होतात, नकाशा कपाटात जातो, आणि पुढच्या वेळी मुलं पुन्हा ‘हो बाई’वर येतात.

मुलं गृहपाठच नको म्हणतील, हा आक्षेप ठरलेला. म्हणू देत. विचारणं म्हणजे मान्य करणं नव्हे. नाही म्हणायचं तर कारण सांगून म्हणावं, एवढंच. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात वेळ कुठला, हा प्रश्न जास्त खरा आहे, पण आठवड्यातून एका परिपाठाची दहा मिनिटं एका प्रश्नाला पुरतात. शिक्षकांना भीती वाटते ती आपलीच परीक्षा होण्याची. ती रास्त आहे, म्हणूनच प्रश्न जागा, वेळ आणि सोबत यांच्याबद्दल असावेत आणि उत्तरं कुणाच्या गोपनीय अहवालात जाऊ नयेत. याला अपवाद एकच. मुलाच्या बोलण्यातून इजा किंवा अत्याचाराची शंका आली, तर विचारणं तिथेच थांबवून ती बाब कायद्याने ठरवलेल्या वाटेने न्यावी लागते.

मुलांनी दाखवलेल्या गोष्टींपैकी एक तरी पंधरा दिवसांत बदलावी आणि परिपाठातच ती मुलांना सांगावी. उरलेल्या गोष्टी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवाव्यात. शिक्षणहक्क कायद्याने तिथे किमान तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, त्यामुळे कडी कधी बसणार हे विचारायला तिथे माणसं आहेत. मग दोन महिन्यांनी तोच नकाशा, त्याच टिकल्या पुन्हा वाटाव्यात आणि स्वच्छतागृहाच्या दारावर या वेळी लाल किती, हिरव्या किती, ते मोजावं.