डागाळलेल्या साडीचे मोल

संकटग्रस्तांच्या मदतीसाठी आपला समाज नेहमीच उदारपणे पुढे येतो. धान्य, कपडे, औषधे आणि रोख रक्कम यांचा ओघ सुरू होतो व तातडीची गरज भागते. परंतु ज्या कारागिराचा तयार माल नष्ट झाला, अवजारे निकामी झाली आणि ऐन हंगाम हातचा गेला, त्याचा प्रश्न केवळ शिधावाटपाने सुटत नाही. त्याला आपला व्यवसाय पुन्हा उभा करायचा असतो. अशा वेळी हस्तकलेचा एखादा लहानसा उद्योग किती उपयोगी पडू शकतो, याचे उद्बोधक उदाहरण २०१८ साली केरळमधील चेंदमंगलम येथे पाहावयास मिळाले.

ऐन ओणमच्या तोंडावर

चेंदमंगलम हे एर्नाकुलम जिल्ह्यातील हातमागाचे गाव. साईच्या रंगाचे तलम सुती वस्त्र आणि त्याला शोभेसे रंगीत वा जरीचे काठ ही येथील कापडाची ओळख असून त्यास भौगोलिक मानांकनही प्राप्त झालेले आहे. येथील विणकर सहकारी संस्थांमार्फत काम करतात आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे.

आपल्याकडील कापड व्यवसायात दिवाळीला जे स्थान, तेच केरळमध्ये ओणमला. सणानिमित्त घरातील लहानथोरांना नवे वस्त्र देण्याची तेथे प्रथा आहे. साहजिकच ओणमपूर्वीचे काही महिने माग अविरत चालतात आणि सुतावरील खर्च, मजुरी, संस्थेचे खेळते भांडवल असे सारे काही तयार मालाच्या रूपाने गोदामात साठत जाते. सणाच्या आठवड्यात त्याचे पैशात रूपांतर व्हायचे असते. २०१८ साली तिरुवोणम २५ ऑगस्टला होता आणि त्याच्या जेमतेम दहा दिवस आधी केरळात महापूर आला. १९२४ नंतर असा पूर राज्याने पाहिला नव्हता. चेंदमंगलमचे माग पाण्यात बुडाले आणि विक्रीसाठी सज्ज असलेले कापड चिखलाने माखले. साईच्या रंगावर पडलेला डाग लपत नाही. धुऊनही ते कापड दुकानात मांडण्याजोगे राहिले नाही. ते जाळून टाकण्यावाचून गत्यंतर नाही, अशी वेळ आली.

एका साडीचा हिशेब

याच सुमारास लक्ष्मी मेनन व गोपीनाथ पारायिल यांनी या कापडाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. लक्ष्मी मेनन यांनी त्यापूर्वी वृद्ध स्त्रियांकडून दिव्याच्या वाती वळून घेण्याचा, तसेच बिया घातलेली कागदी पेने तयार करण्याचा उपक्रम चालविला होता. गोपीनाथ पारायिल जबाबदार पर्यटनाच्या क्षेत्रातले. डागाळलेले कापड निर्जंतुक करून, स्वच्छ धुऊन, त्याच्या लहान तुकड्यांपासून बाहुल्या करण्याची कल्पना पुढे आली. बाहुलीचे नाव ठेवले ‘चेकुट्टी’. मल्याळम भाषेत ‘चेर’ म्हणजे चिखल आणि ‘कुट्टी’ म्हणजे मूल. चिखलातून वाचलेले मूल, असा भाव त्या नावात आहे. बाहुलीच्या अंगावरील डाग मुद्दाम तसेच ठेवण्यात आले.

या उपक्रमामागील अंकगणित साधे, पण विचार करावयास लावणारे आहे. सुमारे १,३०० रुपये किमतीची साडी पुरामुळे कवडीमोल झाली होती. अशा एका साडीतून सुमारे ३६० बाहुल्या होत. प्रत्येकी २५ रुपये दराने त्यांची किंमत ९,००० रुपये, म्हणजे मूळ किमतीच्या जवळजवळ सातपट. शाळा, महाविद्यालये व कार्यालयांतील असंख्य स्वयंसेवकांनी बाहुल्या बांधून दिल्या आणि विक्रीचे पैसे विणकरांच्या पुनर्वसनासाठी गेले. जो माल ताळेबंदात निव्वळ तोटा म्हणून नोंदला गेला असता, त्याच मालाने माग दुरुस्त करण्यास हातभार लावला.

विनामोल श्रमांची मर्यादा

तथापि, हा हिशेब पूर्णपणे समजून घेणे आवश्यक आहे. ९,००० रुपयांत बाहुली करणाऱ्यांची मजुरी धरलेली नाही, कारण ती स्वयंसेवकांनी विनामोल दिली. समजा, एका बाहुलीमागे दहा रुपये मजुरी द्यावी लागली असती, तर ३,६०० रुपये तिथेच खर्ची पडले असते. त्याखेरीज धागा, बांधणी व टपालखर्च वेगळाच. चेंदमंगलममध्ये विनामोल श्रम योग्य ठरले, कारण उद्देश मर्यादित होता. बुडालेल्या मालाची किंमत वसूल करावयाची आणि विणकरांना पुन्हा मागावर बसवावयाचे. विणकराने आयुष्यभर बाहुल्या कराव्यात, अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती.

मात्र जेथे गरजू व्यक्तीला कायमचे उत्पन्न मिळवून द्यावयाचे असते, तेथे श्रमांचा मोबदला हाच साऱ्या व्यवसायाचा पाया असतो. ही दुसरी वाट पाहण्यासाठी सुमारे अर्धशतक मागे, गुजरातमधील कच्छकडे वळावे लागते.

कच्छची वाट

१९६९ साली कच्छमध्ये दुष्काळ पडला होता. मुंबईहून मदतकार्यासाठी धाणेटी गावी गेलेल्या चंदाबेन श्रॉफ यांना तेथे एक गोष्ट जाणवली. फुकटचे अन्न स्वीकारणे स्वाभिमानी ग्रामस्थांना रुचत नव्हते. त्यांना काम हवे होते. त्याच गावातील स्त्रियांच्या अंगावरील वस्त्रांवर मात्र अप्रतिम भरतकाम होते. जी कला घराघरांत मुलीच्या रुखवतासाठी जपली जात होती, तिलाच बाजारात दाम मिळवून द्यावा, या विचाराने त्यांनी साड्यांवर भरतकाम करवून घेतले. ‘सृजन’ या संस्थेची ती सुरुवात होती.

स्त्रियांनी घरी बसून भरतकाम करावयाचे, कापड व धागा संस्थेने पुरवावयाचा, कामाचा मोबदला कारागिराला द्यावयाचा आणि ग्राहक शोधण्याची जबाबदारी संस्थेने घ्यावयाची, अशी ही पद्धत. कच्छच्या अनेक गावांतील हजारो स्त्रियांना तिने हक्काची कमाई मिळवून दिली. दुर्गम गावांतील स्त्रियांपर्यंत भरतकामाचे उत्तमोत्तम नमुने नेणाऱ्या फिरत्या केंद्राच्या प्रकल्पासाठी चंदाबेन यांना २००६ साली रोलेक्स पुरस्काराने गौरविण्यात आले. २०१६ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी भुजजवळील अजरखपूर येथे संस्थेचे हस्तकला संग्रहालय व शिक्षणकेंद्र सुरू झाले.

ध्यानी घ्यावयाच्या बाबी

आपल्या कलेतून इतरांना आधार देऊ इच्छिणाऱ्या ग्राहकांनी, महिला मंडळांनी व बचत गटांनी या दोन उदाहरणांतून काही बाबी अवश्य ध्यानी घ्याव्यात.

पहिली बाब उद्देशाची. एखाद्या आपत्तीसाठी निधी उभारावयाचा आहे की कारागिरांना नियमित उत्पन्न द्यावयाचे आहे, हे आरंभीच निश्चित करावे. किंमत, मजुरी व मुदत त्यावरच ठरते.

दुसरी बाब हिशेबाची. उपक्रमाचे बँक खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवावे. विक्रीतील किती रक्कम कच्च्या मालास, किती मजुरीस व किती मदतीस जाते, हे ग्राहकाला सांगता आले पाहिजे. कारागिराची मजुरी शक्यतो थेट तिच्या खात्यात जमा करावी. १९९२ पासून राबविण्यात येत असलेल्या बचत गट–बँक जोडणीचा अनुभव हाच, की नियमित बचत व नीटनेटकी नोंद असलेल्या गटाला तारणाविनाही कर्ज मिळू शकते.

तिसरी बाब विम्याची. लहान उद्योजक ती हमखास विसरतात. सणासुदीपूर्वी सारे भांडवल मालात अडकलेले असते. त्या मालाच्या विम्यात पुराचा धोका अंतर्भूत आहे किंवा नाही, याची खातरजमा करून घ्यावी.

अखेरची बाब दर्जाची. कणवेपोटी ग्राहक एखादी वस्तू एकदा विकत घेतो. तीच वस्तू तो दुसऱ्यांदा मागतो, तेव्हा तिची वीण, तिचा रंग व तिचा उपयोग त्याला पसंत पडलेला असतो. कारागिराच्या घरची चूल या दुसऱ्या खरेदीवर चालते. सबब, वस्तूच्या वेष्टनावर करणाऱ्याची हलाखी लिहिण्याआधी तिची शिवण पुन्हा एकवार तपासावी आणि मगच ती विक्रीस ठेवावी.