बाहेरून आखूड, आतून ऐसपैस

आपल्या अँबॅसॅडरची लांबी ४,३२५ मिलिमीटर. १९६४ साली इंग्लंडात आलेली ऑस्टिन १८०० ही गाडी साधारण ४,१७० मिलिमीटरची, म्हणजे अँबॅसॅडरहून सहा इंचांनी आखूड. आता टेप पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत धरा. अँबॅसॅडरमध्ये हे अंतर २,४६४ मिलिमीटर भरते आणि ऑस्टिनमध्ये जवळजवळ २,६९०. लांबीला कमी असलेल्या गाडीची चाके एकमेकांपासून वीतभर जास्त लांब! माणसे बसतात ती याच दोन चाकांच्या मधल्या भागात. त्यामुळे या गाडीच्या मागच्या सीटवर उंच माणूसही पाय मोकळे सोडून बसू शकतो आणि पुढच्याच्या पाठीला त्याचा गुडघा लागत नाही.

एवढी जागा आली कुठून? तर इंजिनाकडून काढून घेतली. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असे. त्याच्यामागे गिअरबॉक्स आणि तिथून मागच्या चाकांपर्यंत बैठकीच्या पोटाखालून जाणारा लांब शाफ्ट. या गाडीत इंजिन आडवे घातले आणि गिअरबॉक्स चक्क इंजिनाच्या खाली, तेलाच्या सम्पमध्ये बसवला. दोघांना वंगण एकाच तेलाचे. ताकद थेट पुढच्या चाकांना जात असल्यामुळे मागे जाणारा शाफ्ट उरलाच नाही आणि चारही चाके थेट कोपऱ्यांत ढकलता आली.

हे आडवे घातलेले इंजिन आपल्याला परके नाही. १९५९ पासून अँबॅसॅडरमध्ये बसणारे १,४८९ सीसीचे इंजिन आणि ऑस्टिन १८०० चे १,७९८ सीसीचे इंजिन एकाच घराण्यातली. बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सिरीज’ घराण्यातली. दोन्हींचा स्ट्रोक अगदी तोच, ८८.९ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच. फरक बोअरचा. अँबॅसॅडरचा ७३.०२ मिलिमीटर, ऑस्टिनचा ८०.२६. मोठ्या भावाला क्रँकशाफ्टखाली तीनच्या जागी पाच मेन बेअरिंग दिली होती. हेच इंजिन एमजीबी या स्पोर्ट्‌स गाडीतही धावले. मला तर याचेच राहून राहून नवल वाटते, की उत्तरपाड्यात बनलेली अँबॅसॅडर टॅक्सी, इंग्लंडची उघड्या टपाची स्पोर्ट्‌स गाडी आणि ही अवाढव्य पोटाची सलून या तिघींच्या बॉनेटखाली एकच रक्त होते.

गाडी आखली अलेक इसिगोनिस यांनी. जन्म १९०६ चा, तेव्हाच्या स्मर्ना आणि आताच्या इझमीर शहरातला. १९४८ ची मॉरिस मायनर त्यांची आणि १९५९ ची मिनीही त्यांचीच. आडवे इंजिन, सम्पमधला गिअरबॉक्स आणि कोपऱ्यातली चाके हे सूत्र त्यांनी आधी मिनीत सिद्ध केले. १९६२ साली ऑस्टिन-मॉरिस ११०० मध्ये ते एक पायरी वर नेले आणि १८०० मध्ये मोठ्या कुटुंबाच्या गाडीला लावले. मिनीवर अख्ख्या जगाने जीव टाकला. तेच डोके, तेच सूत्र, पण १८०० च्या वाट्याला त्या प्रेमाचा पासंगही आला नाही.

रूप हे त्याचे एक कारण. गाडीचे नाक आणि शेपूट इटलीतल्या पिनिनफरिना यांच्या स्टुडिओने काढले, तर मधला भाग इसिगोनिस यांनी आपल्या हातात ठेवला. लांबलचक मध्य आणि दोन्ही टोकांना तोडल्यासारखी नाक-शेपूट. रुंद, बसकी आणि पाय फाकवून उभी राहिल्यासारखी. लोकांनी तिला ‘लँडक्रॅब’ म्हणजे जमिनीवरचा खेकडा म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असे चिकटले की आज तिचे चाहते तेच अभिमानाने मिरवतात.

आतली सजावटही विरक्त म्हणावी अशी. पट्टीसारखा आडवा स्पीडोमीटर, डॅशबोर्डच्या जागी या दारापासून त्या दारापर्यंत सलग फळी, फळीखालून ओढायचा हँडब्रेक आणि बसच्या स्टिअरिंगसारखे आडवे पडलेले चाक. शिवाय हे चाक जडही होते. पॉवर स्टिअरिंगची सोय नंतर आली. चामडे, लाकूड, निकेलची झिलई यांवर भाळणाऱ्या गिऱ्हाइकाला शोरूममध्ये ही गाडी रिकामी वाटली असणार. वाटणारच, कारण ती रिकामी जागाच तर तो विकत घेत होता!

पण या गाडीवर खरा जीव जडतो तो न दिसणाऱ्या दोन गोष्टींमुळे.

पहिली गोष्ट सांगाड्याची. खड्ड्यातून जाताना प्रत्येक गाडीचा सांगाडा थोडासा पिळवटतो. तो जितका कमी पिळवटेल तितकी गाडी रस्त्यावर नेमकी चालते, दारे कुरकुरत नाहीत आणि चाकांना आपले काम नीट करता येते. हा ताठपणा मोजायची रीत अशी: सांगाड्याचे एक टोक पक्के धरायचे, दुसऱ्याला पीळ द्यायचा आणि एक अंश वळायला किती जोर लागतो ते पाहायचे. लँडक्रॅबचा आकडा आहे सुमारे १८,००० न्यूटन-मीटर. सोप्या भाषेत सांगायचे तर एक मीटर लांबीचा दांडा आडवा बसवून त्याच्या टोकाला अठराशे किलोंहून जास्त वजन टांगावे, तेव्हा कुठे सांगाडा एका अंशाने वळेल. गाडीचे स्वतःचे वजन बाराशे किलोंच्या आसपास. म्हणजे दांड्याला अशी दीड गाडी टांगावी लागेल! संगणकावर सांगाड्याचा ताण तपासण्याची सोय नसलेल्या काळातला हा आकडा आहे. पुढे कित्येक वर्षे बऱ्याच नव्या गाड्यांना तो गाठता आला नाही.

दुसरी गोष्ट सस्पेन्शनची, आणि इथे ॲलेक्स मोल्टन हे नाव येते. विल्टशायरमधल्या ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन गावचे मोल्टन घराणे रबराच्या धंद्यातले. पणजोबा स्टीफन मोल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात गुडइयर यांच्या व्हल्कनाइज्ड रबराचे नमुने अमेरिकेतून इंग्लंडात आणले होते. छोट्या चाकांची प्रसिद्ध मोल्टन सायकल काढली ती याच ॲलेक्स यांनी. त्यांना स्टीलच्या स्प्रिंगऐवजी रबर आणि पाणी वापरायचे होते. त्यातून ‘हायड्रोलास्टिक’ सस्पेन्शन जन्माला आले. आधी ते ११०० ला मिळाले आणि मग १८०० ला.

त्याची करामत अशी. प्रत्येक चाकाजवळ एक डबा. त्यात रबराची जाड स्प्रिंग आणि द्रव. द्रव म्हणजे पाणी. ते गोठू नये म्हणून अल्कोहोल आणि गंज धरू नये म्हणून औषध मिसळलेले. डाव्या बाजूचा पुढचा डबा डाव्या बाजूच्या मागच्या डब्याला नळीने जोडलेला, उजवीकडेही तसेच. आता पुढचे डावे चाक उंचवट्यावर चढले. तिथला द्रव दाबला गेला आणि नळीतून मागच्या डब्यात धावला. त्याने मागची बाजू किंचित उचलली. म्हणजे गाडीच्या नाकाबरोबर शेपूटही वर आले आणि गाडी सपाटच राहिली. क्षणभराने मागचे चाक त्याच उंचवट्यावर आले की द्रव उलटा पुढे. साध्या गाडीत अशा रस्त्यावर माणूस पुढे-मागे डुलत राहतो आणि पोटात ढवळते. या गाडीत ते हेलकावे फार कमी.

वळणावर काय होते? गाडी एका अंगाला झुकू लागते तेव्हा त्या अंगाची पुढची आणि मागची अशी दोन्ही चाके एकदम दाबली जातात. द्रवाला पळायला जागाच उरत नाही. मग सगळा भार रबरावर येतो, सस्पेन्शन कडक होते आणि गाडीचे झुकणे रोखले जाते. म्हणजे तेच पाणी खड्ड्यात मऊ आणि वळणावर ताठ. सेन्सर नाही, वायर नाही. नुसत्या एका नळीने हे साधले. मी जेव्हा जेव्हा याची आकृती पाहतो तेव्हा मनातल्या मनात मोल्टनना हात जोडतो.

जाणकारांना हे तेव्हाही कळले होते. १९६५ चा युरोपातला ‘कार ऑफ द इयर’ हा मान ऑस्टिन १८०० ला मिळाला. आणि तीन वर्षांनी एक अशी परीक्षा आली की तिने या दोन्ही अदृश्य गुणांचा कस पाहिला. त्या परीक्षेचे मधले ठाणे होते आपली मुंबई.

२४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून ९८ गाड्या सिडनीपर्यंतच्या रॅलीसाठी निघाल्या. पॅरिस, तुरीन, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली करत त्यांनी मुंबई गाठायची होती. तिथून पी अँड ओ कंपनीच्या ‘चुसान’ बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमँटलला उतरायचे आणि मग पर्थपासून सिडनीपर्यंत अख्खा खंड आडवा कापायचा. एकूण सुमारे दहा हजार मैल. उशिराच्या प्रत्येक मिनिटाला एक दंडगुण. डिसेंबरच्या सुरुवातीला धुळीने माखलेल्या या गाड्या मुंबईत दाखल झाल्या तेव्हा लोटस कॉर्टिनातला रॉजर क्लार्क आघाडीवर होता. लँडक्रॅबही टिकून होत्या. त्यांतली एक पॅडी हॉपकर्कची होती, ज्याने १९६४ साली मिनी घेऊन माँटे कार्लो रॅली जिंकली होती. सोबत टोनी नॅश आणि अ‍ॅलेक पूल.

ऑस्ट्रेलियाच्या रस्त्यांनी भल्याभल्या गाड्यांची हाडे मोडली. क्लार्कची कॉर्टिनाही मागे पडली. शेवटच्या दिवशी आघाडीवर होती लुसियाँ बियांकी आणि ज्याँ-क्लोद ओजिए यांची सिट्रोएन. सिडनी टप्प्यात आले असताना नाउरा गावाजवळ स्पर्धेबाहेरची एक मिनी समोरून येऊन तिच्यावर आदळली. बियांकी गंभीर जखमी झाला. तिथे सगळ्यांत आधी पोचली हॉपकर्कची लँडक्रॅब. तिघांनी गाडी थांबवली, आग विझवली आणि जखमींना सांभाळले. विजय अँड्र्यू कोवनच्या हिलमन हंटरला मिळाला, ५० दंडगुणांवर. हॉपकर्क ५६ दंडगुणांनिशी दुसरा. दहा हजार मैलांनंतर सहा मिनिटांचा फरक! दुसरी लँडक्रॅब, राउनो आल्टोनेनची, पाचवी आली. ज्या गाडीला शोरूममध्ये कुणी वळून पाहत नव्हते तिच्या जातीच्या दोन गाड्या पहिल्या पाचांत, आणि चौथ्या क्रमांकावर पोर्शे ९११. या निकालाचा तक्ता चाहते आजही एकमेकांना दाखवतात आणि त्यात मला काहीही अतिशयोक्त वाटत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या लोकांना मात्र ही गाडी रॅलीआधीपासून पटली होती. सिडनीच्या झेटलंडमधल्या कारखान्यात ती बनत होती आणि तिथे तिची मागे उघडा हौदा असलेली ‘यूट’ही निघाली. खराब रस्ता ज्यांच्या रोजच्या वाट्याला येतो त्यांना गाडीचे नाक कसे आहे याच्याशी फारसे देणेघेणे नसते.

इंग्लंडात ती चालली नाही, कारण ती कुणाच्याच हिशेबात बसली नाही. बीएमसीला तिने जुन्या ऑस्टिन केंब्रिज आणि मॉरिस ऑक्सफर्डची जागा घ्यायला हवी होती. पण ती त्यांच्याहून मोठी आणि महाग झाली, म्हणून त्या जुन्या गाड्याही बनतच राहिल्या, ऑक्सफर्ड तर १९७१ पर्यंत. समोर फोर्डची कॉर्टिना होती. साधी, स्वस्त आणि दिसायला देखणी. पहिली कॉर्टिना चार वर्षांत दहा लाखांवर खपली. लँडक्रॅब ऑस्टिन, मॉरिस आणि वुल्सली अशी तीन नावे लावून, १९७२ पासून आडवे सहा सिलिंडरचे २,२२७ सीसीचे इंजिन घेऊनसुद्धा, १९७५ पर्यंतच्या अकरा वर्षांत चार लाखांपर्यंत पोचली नाही. तिची दारे मात्र कंपनीने ऑस्टिन मॅक्सी आणि ऑस्टिन ३ लिटर या गाड्यांना जशीच्या तशी लावली.

लँडक्रॅबच्याच पायावर पिनिनफरिना यांनी १९६७ साली एक नमुना तयार केला. वारा कापणारी, मागे निमुळती होत गेलेली लांब सलून. कंपनीने त्याकडे पाठ फिरवली. सात वर्षांनी फ्रान्समध्ये सिट्रोएन सीएक्स आली तेव्हा तिचा बाह्याकार पाहून अनेकांना तोच नमुना आठवला. मला ही चूक लँडक्रॅबच्या अपुऱ्या खपापेक्षा जास्त सलते.

आज लँडक्रॅबच्या मालकांचा आंतरराष्ट्रीय क्लब आहे. या मंडळींना इंजिनाचे सुटे भाग मिळणे जड जात नाही, कारण एमजीबीसाठी बी सिरीजचे सामान अजून बनते. खरी कसोटी असते ती गंजणाऱ्या पत्र्याची आणि हायड्रोलास्टिकची. गाडी एका अंगाला बसलेली दिसली की समजायचे, त्या बाजूचा द्रव कुठेतरी झिरपला. मग नळ्या आणि डबे तपासायचे. फुटका डबा निघाला तर भंगारातल्या एखाद्या गाडीचा शोधायचा. द्रव भरायला वेगळा पंप लागतो आणि भरण्याआधी त्याच पंपाने नळीतली हवा पूर्ण ओढून काढावी लागते. हवा राहिली तर ती दाबली जाते आणि पुढच्या चाकाचा धक्का मागे पोचतच नाही. नंतर दाब वाढवत न्यायचा आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजायची. ती सारखी भरली की गाडी दोन-चार मैल चालवून आणायची आणि पुन्हा मोजायची.