हसवणाऱ्या रिळांची राखण

'ब्रह्मचारी' (१९३८) या चित्रपटातला औदुंबर ब्रह्मचर्यावरचं एक व्याख्यान ऐकून भारावतो आणि इतके दिवस हौसेनं जमवलेली नटनट्यांची चित्रं घराबाहेर काढतो. पुढे मीनाक्षी शिरोडकरांची किशोरी समोर येते आणि त्याचं व्रत डळमळतं. लेखन आचार्य अत्र्यांचं, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका मास्टर विनायकांची, निर्मिती कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सची. औदुंबरानं टाकून दिली तसलीच चित्रं, जाहिराती, गाण्यांच्या चोपड्या, तबकड्या आणि रिळांचे डबे आज काही माणसं जिद्दीनं शोधत असतात. लोक त्याला रिकामपणाचा उद्योग म्हणतात. जुन्या विनोदी चित्रपटांपुरतं बोलायचं तर हा उद्योग म्हणजे इतिहासाची राखण आहे, आणि ती पुण्या-मुंबईइतकीच मूर्तिजापूरसारख्या गावातही व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

विनोदी चित्रपटच का, ते आधी पाहू. आपल्या मूकपटांत देव, राजे आणि संतांची गर्दी होती. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) नंतर थोड्याच काळात 'पिठाचे पंजे' ही छोटी विनोदी फिल्म काढली, तरी त्यांचं नाव पौराणिक पटांशीच जोडलं गेलं. पौराणिक पटात मुकुट आणि महाल असतात. विनोदाला मात्र शेजारपाजार लागतो. 'ब्रँडीची बाटली' (१९३९) मधला दामूअण्णा मालवणकरांचा बगाराम हा नगरपालिकेतला साधा कारकून. ब्रँडी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही आणि तो ती आणायला निघतो. मुंबईत दारूबंदी लागू झाली ती याच वर्षी, ऑगस्टमध्ये. त्यामुळे ही कथा तेव्हाच्या प्रेक्षकाला किती जवळची वाटली असेल ते कळतं. चिं. वि. जोशींचा चिमणराव 'लग्न पहावं करून' (१९४०) मध्ये पडद्यावर आला आणि त्याच्याबरोबर लग्न जुळवण्याची सगळी यातायात आली. कारकुनाचा कोट, टोपी घालायची तऱ्हा, पाहुण्यापुढे बसायची रीत, तेव्हाच्या बोलण्यातले हेल हे सगळं या चित्रपटांत सहज टिपलं गेलं. बंगालीतला 'जमाईबाबू' (१९३१) हा कालीपद दासांचा मूकपट सुदैवानं वाचला. गावाकडचा माणूस कोलकात्यात येऊन गोंधळतो एवढीच त्याची गोष्ट, पण त्या गोंधळाच्या मागे त्या वेळचे खरे रस्ते दिसतात. साध्या माणसाच्या जगण्याचा इतका भरघोस पुरावा दरबारी पटांत सापडत नाही.

असं असूनही हेच चित्रपट आधी हरवतात. जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती झटकन पेट घेते, आणि नुसती पडून राहिली तरी आधी चिकट होते, मग तिची तपकिरी भुकटी होते. शिवाय तिच्यात चांदी असल्यामुळे खेळ संपला की रिळं भंगारात जात. आपल्याकडे तेराशेच्या वर मूकपट निघाले. त्यांतले तुकड्यातुकड्यानं उरलेले धरूनही हाताच्या बोटांवर मोजून फार पुढे जाता येत नाही. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं आणि पी. के. नायर यांनी आयुष्य घालून मिळेल ते गोळा केलं, पण तोवर मूकपटांचा काळ संपून तीस वर्षं उलटली होती. २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत कितीतरी नायट्रेट फिल्म जळाल्या. अशा वेळी काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं हे ठरवताना हलकंफुलकं म्हणून विनोदाचा नंबर शेवटी लागतो.

परदेशात ही कसर हौशी माणसांनी भरून काढली. लॉरेल-हार्डीच्या चाहत्यांनी १९६५ मध्ये न्यूयॉर्कला मंडळ काढलं, त्याच्या शाखा देशोदेशी पसरल्या; एकत्र बसून पाहायचं आणि पाहिलेल्यावर बोलायचं, हा त्यांचा नेम. याच जोडीच्या 'बॅटल ऑफ द सेंच्युरी' (१९२७) मधली मलईच्या केकांची फेकाफेक प्रसिद्ध आहे. त्याचं दुसरं रीळ पूर्ण रूपात हाती आलं ते २०१५ मध्ये, एका संग्राहकाच्या डब्यांत. चॅप्लिन पोलिसाच्या छोट्या भूमिकेत असलेला १९१४ चा एक लघुपट तर अमेरिकेतल्या जुन्या सामानाच्या विक्रीत सापडला. ज्यानं तो उचलला त्याला जुन्या विनोदी पटांचा नाद होता, म्हणूनच डब्यात काय आहे हे त्याला ओळखता आलं. जाणती नजर चर्चेतून तयार होते; एकट्यानं डबे साठवून ती येत नाही.

आता आक्षेप. 'सगळं मोबाईलवर मिळतं की,' असं म्हणतात. मिळतं ते बहुधा कापलेलं, पुसट, कुठल्या प्रतीवरून घेतलं त्याचा पत्ता नसलेलं. मूकपट सेकंदाला साधारण १६ ते २० चौकटींच्या गतीनं घेतले जात, बोलपटाची गती २४. जुनं रीळ नव्या गतीनं चालवलं की माणसं तुरुतुरु पळतात, आणि जुना विनोद म्हणजे नुसती पळापळ असा समज होतो. योग्य गतीनं पाहिलं की नटाचा चेहरा वाचता येतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: या विनोदात बायकांची, जातीची, व्यंगाची टिंगल असते, ती कशाला जपायची? टिंगल असते हे खरंच आहे. पण काल आपण कशाला हसत होतो हे कळल्याशिवाय आज आपण कुठवर आलो हे कसं मोजणार? जपणं म्हणजे डोक्यावर घेणं नव्हे. तिसरं म्हणणं, हे सरकारचं काम. सरकारनं ते करावंच; मात्र कोणाच्या माळ्यावर काय पडलंय हे सरकारला पुण्यात बसून दिसत नाही.

मूर्तिजापूरचा संबंध इथे येतो. हे भुसावळ-बडनेरा मार्गावरचं जंक्शन, शकुंतला रेल्वे धावत होती तेव्हा तिच्या अचलपूर आणि यवतमाळ या दोन्ही फाट्यांचं तोंड. चित्रपट धंद्यात आजही हा मुलूख 'सी. पी. बेरार' याच जुन्या नावानं ओळखला जातो, आणि त्याचे वितरक अमरावती-भुसावळला. रिळांच्या पेट्या रेल्वेच्या पार्सलातून गावोगाव फिरत आणि शेवटच्या गावी पोचेपर्यंत झिजत. अशा वाटेवरच्या गावांत एखादी पेटी, काचेची जाहिरात-पट्टी, निदान गाण्याची चोपडी मागे राहिली असण्याची शक्यता मोठी आहे. चोपडीला कमी लेखू नये. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी हिंदी चित्रपटगीतांचा कोश उभा केला, त्यात अशा चोपड्यांचा मोठा वाटा आहे. फिल्म नष्ट झाली तरी कथा, नटसंच आणि गाणी त्या चार-आठ पानांत उरतात.

म्हणून वाचकांना विनंती आहे. घर पाडताना, टॉकीजची जुनी खोली रिकामी करताना गंजलेला डबा निघाला तर तो रद्दीवाल्याला देऊ नका आणि हौसेनं यंत्रावर चढवून चालवूही नका. फिल्मच्या कडेला इंग्रजीत 'सेफ्टी' छापलंय का ते उजेडात पाहा; नसेल तर ती नायट्रेटची समजून विस्तवापासून, उन्हापासून दूर ठेवा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर सेफ्टी फिल्मही खराब होऊ लागली आहे असं समजा. डब्यावरचं नाव, आकडे, चिठ्ठी जशीच्या तशी राहू द्या, फोटो काढा आणि पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला कळवा.