उद्यानाच्या आधी आले स्वयंसेवक

जर्मनीत श्लेस्विग-होल्श्टाइनच्या किनाऱ्यावरचं वाडन समुद्र राष्ट्रीय उद्यान १९८५ साली जाहीर झालं. पण तिथल्या पक्ष्यांची राखण त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू होती! १९०७ मध्ये स्थापन झालेल्या 'फेराइन योर्डसांड' या संस्थेने १९०९ साली नॉर्डेरोग हे छोटं बेट चक्क विकत घेतलं. कशासाठी? तिथे घरटी करणाऱ्या सुरय पक्ष्यांसाठी. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

आज उद्यानाचं रोजचं बरंचसं काम अशाच संस्था करतात. १९६२ पासूनची 'शुट्झश्टात्सिओन वाटेनमेअर' ही त्यातली एक. शाळा संपवलेली मुलंमुली वर्षभर किनाऱ्यावर राहतात. राहायला जागा आणि थोडा हातखर्च मिळतो, बस्स. ओहोटीला लोकांना चिखलातून फिरवायचं, लाटांनी आणलेला कचरा आणि मेलेले पक्षी नोंदवायचे, आणि दर पंधरा दिवसांनी, उधाणाच्या भरतीला, पक्षी मोजायचे. भरतीच का? एरवी मैलोन्‌मैल पांगलेले थवे पाणी चढलं की किनाऱ्याजवळ एकवटतात. आपल्या कोकणातल्या पक्षीमित्रांना हे लगेच पटेल. वर्षानुवर्षांच्या अशा मोजणीतूनच कोणता पक्षी घटतोय ते कळतं.

ट्रिशेन बेटावर तर 'नाबू' संस्थेचा एकच राखणदार मार्च ते ऑक्टोबर खांबांवरच्या झोपडीत एकटा राहतो.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींनो, पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन या स्वयंसेवकांबरोबर एकदा तरी चिखलात उतरा!