सापाचें पिल्लूं खात कां नाहीं?

शाळा उघडून आठच दिवस झाले होते. शिरगांवाहून येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्यानें त्या सकाळीं दप्तरांतून लोणच्याची रिकामी बरणी काढून आमच्या मेजावर ठेविली. तींत वीतभर लांबीचें सापाचें पिल्लूं होतें. घरामागील वाडींत, विहिरीच्या काठीं तें सांपडलें होतें व पांच दिवस त्यानें तें गुपचूप पाळलें होतें. दूध दिलें, भाताचीं शितें दिलीं, अंड्याचा बलक काडीनें तोंडास लाविला. पिल्लानें कशासहि स्पर्श केला नाहीं. "सर, हें उपाशी मरेल काय?" असें विचारतांना त्याचे डोळे भरून आले होते. त्या दिवशीं आम्हीं त्यास थोडक्यांत उत्तर दिलें. आज सर्व मुलांसाठीं व त्यांच्या आईबापांसाठीं तें जरा विस्तारानें देत आहों.

प्रथम बरणींतील प्राणी कोण होता तें सांगूं. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन आणि डोळ्याखालून निघालेल्या दोन तिरप्या काळ्या रेघा, ह्यांवरून तो दिवड ठरला. ह्यास कोणी विरोळा, कोणी पाणसाप म्हणतात. तो चिडका असून कडकडून चावतो, परंतु बिनविषारी आहे. ही परमेश्वराची कृपाच म्हणावयाची. कारण नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्यांचीं पिल्लें जन्मतांच विषारी असतात, आणि निरुपद्रवी कवड्या व जीवघेणी मण्यार ह्यांत तर भल्याभल्यांची फसगत होते. मोठ्यांसहि खात्रीनें न ओळखतां येणारा जीव मुलानें हातानें उचलून बरणींत घालावा, ह्या विचारानें आमच्या अंगावर आलेला कांटा अजून गेलेला नाहीं.

आतां दुधाविषयीं. साप सस्तन प्राणी नव्हे. त्याची आई त्यास दूध पाजीत नाहीं, आणि तें पचविण्याची सोय त्याच्या पोटांत नसते. मग नागपंचमीस गारुड्याचा नाग दूध पितो तो कसा? त्यास आधीं पुष्कळ दिवस पाण्यावांचून ठेविलेलें असतें. तहानेनें व्याकूळ झालेला जीव जें ओलें पुढें येईल तें पितो. तें दूध कधीं कधीं फुफ्फुसांत शिरतें आणि कांहीं दिवसांनीं नाग मरतो. तो मरतांना पाहावयास मात्र पूजा करणाऱ्यांपैकीं कोणी नसतें. सांगली जिल्ह्यांतील बत्तीस शिराळें येथें नागपंचमीसाठीं नाग पकडून मडक्यांत ठेवण्याची जुनी चाल होती. तेथील प्रकरणांत अखेर मुंबईच्या उच्च न्यायालयास लक्ष घालावें लागलें.

भात व बलक ह्यांची गोष्ट निराळी. साप आपलें अन्न मुख्यत्वें वासानें ओळखतो. त्याची दुभागलेली जीभ हवेंतील व जमिनीवरील सूक्ष्म कण टिपून तोंडांत नेते. तेथें टाळूशीं जेकबसनचें इंद्रिय म्हणून एक अवयव आहे, तो त्यांची पारख करितो. ही पारख पिल्लास कोणी शिकवीत नाहीं. अमेरिकेंत गॉर्डन बर्गहार्ट ह्या शास्त्रज्ञानें १९६० नंतरच्या दशकांत ह्याचा मोठा सुंदर प्रयोग केला. नुकत्याच जन्मलेल्या, ज्यांनीं अद्याप एकहि घांस घेतला नव्हता अशा सापांच्या पिल्लांपुढें त्यानें निरनिराळ्या प्राण्यांच्या अर्कांत भिजविलेले कापसाचे बोळे धरिले. जें ज्या जातीचें नैसर्गिक भक्ष्य, त्याच्याच अर्कावर त्या जातीचीं पिल्लें तुटून पडलीं. दिवडास मासे व बेडूक हवेत. कवड्यास पाली हव्यात. शितांचा ढीग ठेविला तरी दिवडाच्या पिल्लास तो अन्न वाटणारच नाहीं, जसा आपणांस खडूचा तुकडा वाटत नाहीं.

परंतु योग्य भक्ष्य दिलें तरी पिल्लूं खाईलच असें नाहीं. अंड्यांतून बाहेर पडतांना बलकाचा कांहीं अंश त्याच्या पोटांत शिल्लक असतो. त्यावर तें पहिले दिवस काढतें, आणि पहिली कात टाकीपर्यंत बहुधा तोंड उघडीत नाहीं. पुढेंहि प्रत्येक कातीच्या आधीं डोळ्यांवर निळसर साय येते व अन्नावरची वासना जाते. दुसरें कारण थंडी. सापाच्या अंगांत स्वतःची ऊब नसते. ती बाहेरून मिळाली नाहीं तर गिळलेलें भक्ष्य पोटांत कुजतें, म्हणून गारठलेला साप खात नाहीं. आणि तिसरें, आमच्या मतें सर्वांत मोठें कारण, भय. कांचेच्या बरणींत लपावयास पान नाहीं, चहूंकडून डोळे रोखलेले, क्षणोक्षणीं झांकण उघडून बोट आंत येतें. अशा वेळीं आपण तरी जेवलों असतों काय?

अंगांत ऊब राखावयाची नसल्यानें सापास अन्न फार थोडें पुरतें. धडधाकट पिल्लूं कांहीं आठवडे उपास सोसतें, मोठा साप कित्येक महिने. पाण्यावांचून मात्र त्यास राहवत नाहीं, आणि आमच्या विद्यार्थ्यानें नेमकें पाणीच ठेविलें नव्हतें.

परदेशांत पिंजऱ्यांतच जन्मलेले कित्येक जातींचे साप लोक हौसेनें पाळतात. तेथेंहि पिल्लांचा हा हट्ट नेहमींचाच. त्यांचा उपाय असा: लहानशी अंधारी पेटी, तींत लपावयास जागा, एका बाजूस ऊब, दुसरीस पाणी, आणि कांहीं दिवस अजिबात हात न लावणें. नंतर पिल्लाच्या अंगाहून फारसें जाड नसलेलें मेलेलें उंदराचें पोर संध्याकाळीं ठेवून निघून जावयाचें. तेंहि नको असल्यास त्याच्या अंगास पालीचा किंवा बेडकाचा वास चोळतात. वास ओळखीचा लागला म्हणजे पुष्कळ पिल्लें फसतात. खाल्ल्यावर एकदोन दिवस त्यास उचलीत नाहींत, नाहीं तर तें सर्व ओकून टाकतें. बळेंच तोंड उघडून भरविणें हा शेवटचा मार्ग, व तो पशुवैद्याचा. नाजूक जबडा व दांत त्यांत सहज दुखावतात.

हें सर्व ऐकून आमच्या विद्यार्थ्याचा चेहरा उजळला. तो लगेच पेटी शोधावयास निघाला! त्यास थांबवून सांगावें लागलें कीं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें आपल्याकडील रानांतला साप घरीं पाळतां येत नाहीं. तो रडला, वडिलांच्या कानावर घालूं नका, असेंहि म्हणाला. आम्हीं वडिलांस सांगितलें व पालघरच्या वनखात्यासहि कळविलें. त्यांचा मनुष्य येईपर्यंत बरणी सावलींत ठेविली आणि तीवर फडकें घातलें. संध्याकाळीं त्याच विहिरीजवळच्या भातखाचरांत पिल्लूं सोडलें. पहिल्या पावसाचें पाणी तेथें सांचलें होतें व त्यांत बेडकांचीं पिल्लें वळवळत होतीं. साप क्षणभर थबकला, दोन वेळां जीभ काढली आणि पाण्याखालीं गेला. त्यानें तेथें कांहीं खाल्लें कीं नाहीं, हें आम्हांस दिसलें नाहीं.

मुलगा आतां रोज सकाळीं त्या खाचराकडे लांबूनच पाहून येतो. बरणी त्यानें तीन वेळां धुतली, तरी तींत पुन्हा लोणचें घालण्यास त्याची आई अद्याप तयार नाहीं.