समजून घ्या : झुबिन मेहता यांना मुंबई का सोडावी लागली?

भजन रंगात आलं की टाळकरी मृदंगवाल्याकडे बघतात. त्याने मान हलवली की लय चढते. वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीसारख्या गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रात मात्र शंभरेक वादकांना इशारा देणाऱ्याच्या हातात वाद्यच नसतं. असते फक्त एक छोटी काठी. त्याला म्हणतात कंडक्टर. या कामात जगभर नाव कमावणारे झुबिन मेहता मूळचे मुंबईचे.

कंडक्टर नेमकं करतो काय?

प्रत्येक वादकासमोर फक्त त्याच्या वाद्याचे स्वर लिहिलेले असतात. सगळ्यांचं मिळून काय वाजणार, हे कंडक्टरसमोरच्या वहीत असतं. एका हाताने तो ताल देतो, दुसऱ्या हाताने आवाज कमी-जास्त करतो. खरं काम मात्र तालमीतच होतं.

मुंबईत अडचण काय होती?

मेहतांचा जन्म २९ एप्रिल १९३६चा, पारशी कुटुंबातला. वडील मेहली व्हायोलिनवादक. त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. म्हणजे घरात संगीत होतं, गुरू होता. नव्हती ती पूर्णवेळ पगारी ऑर्केस्ट्राची नोकरी. सतार किंवा तबला खोलीत एकट्याने घोटता येतो. कंडक्टरला रियाजालाही समोर पूर्ण ऑर्केस्ट्रा लागतो.

झुबिन यांनी आधी डॉक्टरकीचं शिक्षण सुरू केलं. ते अर्धवट सोडून १९५४ मध्ये, १८व्या वर्षी, त्यांनी व्हिएन्ना गाठलं. पुढे मेहलीही परदेशी गेले. १९६४ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये तरुण वादकांसाठी अमेरिकन युथ सिंफनी सुरू केली.

पुढचा प्रवास कसा झाला?

व्हिएन्नात हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे ते शिकले. १९५८ मध्ये लिव्हरपूलची कंडक्टर स्पर्धा जिंकली. त्यानंतरच्या मोठ्या जबाबदाऱ्या अशा :

• माँट्रियल सिंफनी : १९६१ ते १९६७
• लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक : १९६२ ते १९७८
• न्यूयॉर्क फिलहार्मोनिक : १९७८ ते १९९१
• इस्रायल फिलहार्मोनिक : १९६९ पासून सल्लागार, १९७७ पासून संगीत संचालक, २०१९ मध्ये निवृत्त

१९९४ मध्ये युद्धात जळालेल्या सारायेव्होच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या अवशेषांत त्यांनी मोझार्टची ‘रेक्विएम’ सादर केली. भारताने त्यांना १९६६ मध्ये पद्मभूषण, तर २००१ मध्ये पद्मविभूषण दिलं.

आज परिस्थिती बदलली आहे का?

थोडी. २००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. तरीही कार्यक्रमांच्या हंगामात परदेशातून वादक बोलवावे लागतात. कारण साधं आहे. एक चांगला व्हायोलिनवादक घडायला लहानपणापासून शिक्षक लागतो, आणि शिकून झाल्यावर पगार देणारी जागा. वडिलांच्या नावाने मुंबईत सुरू झालेलं मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन यातला पहिला भाग, म्हणजे मुलांना शिकवण्याचं काम करतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी, मेहतांनी याच सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचं संचालन केलं. ज्या शहरात नोकरी नव्हती म्हणून ते निघाले, त्या शहराचा स्वतःचा व्यावसायिक ऑर्केस्ट्रा त्यांच्यासमोर बसला होता. मध्ये ६९ वर्षं गेली होती.