काळी राख, पांढरी राख

पहिल्यांदा राख आणली ती घमेलंभर, एका उसना तांदळाच्या मिलच्या मागून. काळीभोर होती. मी तंत्रनिकेतनात काँक्रीट शिकवते. पोरांना म्हटलं, दहा टक्के सिमेंट कमी करून त्या जागी ही घाला. कालवताना माल नुसता पाणी पीत राहिला, आणि 28 दिवसांनी यंत्रात दाबलेले ठोकळे साध्या ठोकळ्यांच्या कितीतरी आधी फुटले. मदतीला आलेले मिस्त्री म्हणाले, "मॅडम, राखेनं घर बांधाचं का कधी?"

मला आमगावकडची आमची चूल आठवली. आई धानाचं तूस जाळून दातांसाठी राखुंडी करायची आणि काळी राहिलेली राख पुन्हा निखाऱ्यावर टाकायची. काळी म्हणजे कच्ची. तो काळेपणा म्हणजे न जळलेला कार्बन, आणि पाणी पितो तोच.

क्विंटलभर धान भरडलं की साधारण 20 किलो तूस निघतं. ते जाळलं की 4 किलो राख उरते. या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. धानाचं रोप ती जमिनीतून शोषून तुसात साठवतं. सिमेंटमध्ये पाणी पडलं की चुना सुटतो. त्या चुन्याला ताकद नसते. बारीक सिलिका त्याला धरते, सिमेंटचा बांधून ठेवणारा पदार्थ त्यातून आणखी तयार होतो आणि बारीक छिद्रं बुजतात. पण तूस साधारण 700 अंशांच्या आत जळलं पाहिजे. फार तापलं तर सिलिकेचे स्फटिक होतात आणि मग ती चुन्याशी जुळत नाही. म्हणून राख पांढरी दिसली की चांगली, असंही नाही. बर्कलीचे प्राध्यापक पी. कुमार मेहता यांना तुसाच्या राखेपासून सिमेंट करण्यासाठी अमेरिकेत 1978 साली पेटंट मिळालं. आपल्या मिलचा बॉयलर मात्र वाफेसाठी पेटतो. राखेचा विचार तिथं कुणी केलेलाच नसतो. ती रस्त्याकडेला पडते, वाऱ्यानं उडते, पोरांच्या डोळ्यांत जाते. याचा मला राग येतो.

आम्ही तीच राख भट्टीत 600 अंशांवर पुन्हा जाळली, दळली आणि ठोकळे भरले. सातव्या दिवशी ते मागे होते. अठ्ठाविसाव्या दिवशी साध्या ठोकळ्यांच्या बरोबरीला आले.

मिस्त्रींना मी सिमेंटच्या पोत्यावरची 'पीपीसी' ही अक्षरं दाखवली. त्या सिमेंटमध्ये भारतीय मानकाप्रमाणे 15 ते 35 टक्के कोळशाची उडती राख असते. तिरोड्याच्या 3300 मेगावॉटच्या वीजकेंद्रासारख्या ठिकाणी धुरातून पकडतात, ती हीच. म्हणजे ते कित्येक वर्षं राखेनंच घरं बांधत होते! घाटघरच्या धरणांच्या काँक्रीटमध्ये तर सिमेंटपेक्षा राख जास्त आहे. मात्र बॉयलरच्या तळाची भरड राख 'तीच ती' म्हणून स्लॅबच्या मालात ढकलणारेही मी पाहिले आहेत. ते काम घरात राहणाऱ्यांच्या जिवाशी खेळणारं आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? सिमेंटसाठी चुनखडी 1450 अंशांपर्यंत भाजावी लागते. कोळशाचा धूर निघतो तो वेगळाच, खुद्द दगडातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. पन्नास किलोच्या पोत्यात पाच किलो सिमेंटऐवजी राख घालायची, तर सव्वा क्विंटल धानाचं तूस पुरतं. एवढं धान तर आमच्याकडे एका बैलगाडीत सहज मावतं.

यंदा भावाच्या गोठ्यात फरशीचं काँक्रीट याच राखेनं केलं. राखेचा माल सावकाश जोर धरतो. साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी मारतात, राखेच्या मालाला दहा, आणि कडक उन्हात चौदा. आम्ही मिलमधला जुना बारदाना भिजवून त्यावर अंथरला. आठव्या दिवशी वहिनी बादली घेऊन उभी, "ताई, अजून किती दिवस?" मी म्हटलं, "सहा." तिनं मुकाट्यानं बारदान्यावर पाणी ओतलं.